‘कुठून घेतलंस?’ या प्रश्नाला प्रगतिपुस्तकात जागा द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. पद अर्धवेळ, किल्ल्या मात्र पूर्णवेळ माझ्याकडे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मला दोन गोष्टी विचारल्या जातात: किती मुलांनी किती पुस्तकं वाचली आणि फोटो कुठे आहेत. आकडा मी देतो. त्या आकड्यातून मूल काय शिकलं हे तुम्हाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मला कळतं ते दुसरीकडून. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने कोयनेच्या भूकंपावर प्रकल्प केला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आमच्याकडे घराघरांत अजून कुणी ना कुणी ती सांगणारं आहे. तिने तीव्रता लिहिली होती ६.५. ‘कुठून घेतलंस?’ विचारलं तर म्हणाली, ‘गुगलवरून.’ म्हटलं, गुगल म्हणजे वाचनालयाचा दरवाजा झाला, पुस्तक कुठलं? मग तिने आणखी दोन ठिकाणी पाहिलं. एकीकडे ६.३ निघालं. आठवडाभर ती माझ्या टेबलाशी घुटमळत होती: खरं कोणतं? शेवटी विज्ञानाच्या बाईंना गाठून तिने समजून घेतलं की मोजायची पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो. वहीत दोन्ही आकडे लिहिले, शेजारी दोन्हींचे स्रोत. प्रकल्पाला गुण देताना मात्र ‘एकच उत्तर लिही’ असा लाल शेरा मिळाला.

साहेब, त्या आठवड्यात ती जे शिकली त्याची नोंद कुठेच झाली नाही. वर्णनात्मक नोंदी विषयशिक्षक करतात, आणि त्यांच्यासमोर पोचते ती पूर्ण झालेली वही. तिची शोधाशोध माझ्यासमोर झाली होती.

देवघेव रजिस्टरही नीट वाचलं तर पुष्कळ सांगतं. सातवीतला एक मुलगा तेच पक्ष्यांचं पुस्तक तीनदा घेऊन गेला. चौथ्यांदा आला आणि म्हणाला, यात आपल्याकडचा धनेश नीट दिलेला नाही, दुसरं आहे का? ‘एका पुस्तकात सगळं नसतं’ हे त्याला उमगलं होतं. संख्येच्या हिशोबात त्याचं वर्षभरातलं वाचन: एक पुस्तक. उलट वर्षाला चाळीस पुस्तकं नेणारा एक जण आहे, त्याच्या पुस्तकांची पानं चिकटलेलीच परत येतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय सांगितलं आहे. ग्रंथपालाचा तिथे उल्लेख नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी ग्रंथालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट, आणि ग्रंथपाल म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला वर्ग सांभाळणारा माणूस.

माझी मागणी लहान आहे. सहावी ते नववीच्या प्रगतिपुस्तकात ग्रंथपालाच्या नोंदीसाठी चार ओळी ठेवा. गुण नकोत, श्रेणी नको. मुलाने प्रश्न स्वतः मांडला का, एकापेक्षा जास्त ठिकाणी शोधलं का, दोन ठिकाणी वेगळं सापडल्यावर काय केलं, आणि स्रोत लिहिला का, एवढंच तिथे असेल. त्यासाठी प्रकल्पाचा विषय ठरतानाच ग्रंथपालाला बोलवावं. आज विषय आमच्या कानावर येतो तो वही जमा करायच्या आदल्या दिवशी, पालकांच्या तोंडून. आठवड्याचा ग्रंथालयाचा तासही वेळापत्रकात पक्का असावा, कुणीही उचलून न्यावा असा नको. आणि जिथे ग्रंथपालाचं पदच नाही, तिथे हे काम एखाद्या शिक्षकाकडे देताना त्याचे तेवढे तास कमी करा.

एक विनंती: याचं ॲप काढू नका. चार ओळी पेनाने लिहिता येतात.

त्या मुलीची वही मी जपून ठेवली आहे, लाल शेऱ्यासकट. आपण साताऱ्याला आलात तर दाखवीन.

आपला,
एक अर्धवेळ ग्रंथपाल