कपाटाला कुलूप न लावणाऱ्या काकांना

बेळगाव

तीर्थरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या स्टुडिओतल्या लाकडी कपाटाला कुलूप नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात फोटो काढणाऱ्या आम्हा कितीतरी जणांनी त्यातला कुठला ना कुठला कॅमेरा नेऊन वापरलाय. नेताना तुम्ही कधी डिपॉझिट मागितलं नाही. विचारलंत ते एवढंच, "उजेड कसला हाय रे तिथं?" उत्तर ऐकून तुम्ही हात घालायचात आणि त्या उजेडाला लागू पडेल तो कॅमेरा काढून द्यायचात. त्या प्रश्नाचे आभार मानायला हे उघडं पत्र लिहितोय. नुसत्या गोड शब्दांनी तुमचं समाधान व्हायचं नाही हे माहीत आहे, म्हणून तुम्ही जे दिलंत ते आकड्यांसकट मांडतो. ज्यांना तुमच्या कपाटापर्यंत येणं जमत नाही त्यांच्याही हाती ते पडू दे.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या पट्ट्याला तुम्ही दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पेंटॅक्स के१००० च्या चिठ्ठीवर एकच ओळ आहे: झाकण लावल्याशिवाय कपाटात ठेवू नये. कारण त्या कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर उजेड पडतोय तोवर मीटर चालू राहतो आणि छोटी गोल बॅटरी संपत जाते. लेन्सचं झाकण हेच त्याचं बटण. हे ठाऊक नसलं की माणूस दर महिन्याला बॅटरी बदलतो आणि कॅमेरा बिघडलाय असं समजतो.

निकॉन एफएम२ तुम्ही पावसाळ्यासाठी राखून ठेवलात. त्यातल्या दोन बॅटऱ्या फक्त मीटरसाठी आहेत. शटर पूर्ण यांत्रिक, १/४००० सेकंदापर्यंत बॅटरीशिवाय चालतं. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला दिवसभर भिजल्यावर बॅटरीनं दगा दिला तरी अंदाजानं काम होतं. तो अंदाज तुम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतलात: लख्ख उन्हात एफ १६ (ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि शटरचा वेग म्हणजे एक भागिले फिल्मचा आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा), १०० च्या फिल्मला १/१००, ४०० च्या फिल्मला १/४००. सावली पुसट पडत असेल तर एफ ११, आभाळ भरलेलं असून सावलीच पडत नसेल तर एफ ८, मोकळ्या आकाशाखाली पण घराच्या सावलीत एफ ५.६. चोर्ल्याच्या वाटेवरच्या झाडीखाली हा हिशेब चालत नाही, तिथं पानांनी किती उजेड अडवलाय त्यावर सगळं. आणि धुक्यात मीटर फसतो. पांढुरकं धुकं त्याला फार उजेड वाटतं, तो फोटो काळपट करतो. तिथं एक स्टॉप वाढवायचाच, म्हणजे उजेड दुप्पट. धुक्यात फ्लॅश मारायचा नाही, समोरचे थेंबच तेवढे चमकतात.

तेच गणित पांढऱ्या धोतराचं आणि काळ्या म्हशीचं. मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं दिसतं. चौकट पांढऱ्यानं भरली तर एक ते दीड स्टॉप वाढवा, काळ्यानं भरली तर एक कमी करा. शेतकरी आणि म्हैस दोघं एका चौकटीत आले तर माणसाच्या चेहऱ्यावर मोजा आणि बाकी सोडून द्या.

तुमचा सगळ्यात मोठा उपकार मात्र याशिका मॅट १२४जी चा. भर बाराच्या मुहूर्ताला, अक्षता पडून वधू-वर मांडवाबाहेर उन्हात आले की डोक्यावरच्या उन्हानं फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडते. सावली भरायला फ्लॅश हवा. पण के१००० चं शटर फ्लॅशबरोबर १/६० च्या पुढे जात नाही, आणि १०० च्या फिल्मला १/६० म्हणजे कडक उन्हात एफ १६ आणि २२ च्या मधलं ॲपर्चर. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) २८ चा फ्लॅश अडीच मीटरवरून पूर्ण ताकदीनं मारला तरी एफ ११ पुरताच पोचतो. म्हणजे तो कमी पडतो, आणि दर फोटोला पूर्ण ताकद लागल्यामुळं चार्ज व्हायची वाट बघत बसावं लागतं. याशिकाचं शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचं असल्यामुळं ते १/५०० लाही फ्लॅशशी जुळतं. मग ॲपर्चर एफ ८ च्या आसपास येतं, तोच फ्लॅश पाव ताकदीवर भागतो, सावली एक स्टॉपनं कमी भरली जाते आणि चेहरा नैसर्गिक दिसतो. जुना, पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा दुपारच्या लग्नात नव्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा का पडतो, हे एवढ्या साध्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर तुम्ही हेही लिहिलंत की याच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलाय. ती आता मिळत नाही, आणि दीड व्होल्टची घातली की तो उजेड जास्त दाखवतो, फिल्म कमी उजळते.

रात्रीचं काम वेगळं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला तुम्ही निकॉन डी७५० हा डिजिटल कॅमेरा आणि ५० एमएमची एफ १.८ लेन्स द्यायचात, सोबत एक आकडा: १/१००. कारण विजेचा दिवा सेकंदाला ५० फेऱ्यांच्या प्रवाहावर चालतो आणि दर फेरीत दोनदा उजळतो-मंदावतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण लहर सापडते. १/२५० ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा काळा, तिसऱ्यात आडवा पट्टा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असलेल्या नव्या कॅमेऱ्यांत तर हे पट्टे हमखास दिसतात, म्हणून मिरवणुकीत यांत्रिक शटरच वापरा, आणि फ्लिकर टाळायची सोय असेल तर ती चालू ठेवा. पण रथ जनरेटरवर असेल तर फेऱ्या बरोबर ५० राहतीलच असं नाही. आणि रंग बदलणारे एलईडी 'पार' (स्टेजवरचे झोताचे) दिवे स्वतःच्याच वेगळ्या वेगानं लुकलुकतात, त्यांना १/१०० चा नियम लागू नाही. तिथं शटर जमेल तितकं हळू आणि एकाच प्रसंगाचे चार-पाच फोटो सलग, हाच उपाय.

मग उडणारं लेझीम १/१०० ला कसं थांबवायचं? उत्तर तुम्हीच दिलंत: उडी पूर्ण वर गेली की अंग क्षणभर थांबतं, त्या क्षणाला दाबा. ढोलावर टिपरू पडायच्या आधी हात वर थांबतो, तोच क्षण. ताल कानानं धरायचा, डोळ्यानं नाही. आयएसओ ३२०० ते ६४०० खुशाल ठेवा, दाणे दिसले तर दिसू देत. हललेला चेहरा नंतर कशानंच सुधारत नाही.

निळ्या-लाल दिव्यांचं आणखी एक. दिवा गडद निळा असला की फोटोत निळा रंग तेवढा भरून वाहतो आणि बाकी दोन रिकामे राहतात. साध्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर) हे कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघावा लागतो. एक स्टॉप कमी ठेवा, किंवा पुढचा पांढरा दिवा फिरून येईपर्यंत थांबा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर रंगांचा नाद सोडायचा. त्या दिव्यात निळा जवळजवळ नसतोच, मग व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कितीही ओढला तरी हिरवा शालू हिरवा होत नाही. असे फोटो काळे-पांढरेच चांगले.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाणाऱ्याला तुम्ही कॅमेऱ्याआधी हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश हातात द्यायचात. भंडारा उधळला जातो तिथं लेन्स बदलायची नाही, हे पहिलं. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवून जायचं. परत आल्यावर कापड लावायचं नाही, आधी फुगा, मग ब्रश, मगच कापड. हळदीच्या पुडीत बारीक, खरखरीत कणी असते, पुसलं की तीच काचेवर घासली जाते. आणि उधळलेला भंडारा दिसायला हवा असेल तर सूर्य समोर, माणसांच्या पाठीमागं हवा, सकाळी लवकर. कॅमेऱ्यावरून फ्लॅश मारला तर जवळचे कण पांढरे ठिपके होतात आणि मागचा ढग गायब होतो. पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा दोन्ही एकदम भरतात, म्हणून दोन तृतीयांश स्टॉप कमी.

किल्ल्यातल्या कमल बसदीचं तर सविस्तरच सांगायला हवं, कारण तिथं बहुतेकांचा फोटो फसतो. १२०४ सालचं हे जैन मंदिर, आत गर्द काळोख, गुळगुळीत काळसर दगड आणि छताला ते दगडी कमळ. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते, म्हणून तुम्ही ट्रायपॉडशिवायची पद्धत दिलीत. पंचा चार पदरी घडी घालून कमळाच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवायचा. त्यावर कॅमेरा पाठीवर झोपवायचा, लेन्स वर. पंच्याची घडी एका बाजूला कमी-जास्त करून कॅमेरा पातळीत आणायचा; पाणपातळीची छोटी कुपी लेन्सच्या कडेवर धरली की कळतं. २४ एमएमची लेन्स, एफ ८, आयएसओ १००. फोकस कमळाच्या कडेला, जिथं दगडाला धार आहे तिथं, आणि मग मॅन्युअलवर टाकून द्यायचा, नाहीतर अंधारात लेन्स पुढं-मागं शोधत राहते. टायमर १० सेकंदांचा, म्हणजे दाबून बाजूला व्हायला वेळ मिळतो. वाकून उभं राहिलं की आपल्याच अंगाची सावली छतावर दिसते. मीटर चार सेकंद म्हणाला तर दोनच द्यायचे, कारण दगड काळा आहे आणि मीटर त्याला करडा करायला बघतो. त्याच जागेवरून दोन स्टॉप वर आणि दोन स्टॉप खाली असे आणखी दोन फोटो. फ्लॅश अजिबात नाही: समोरून आलेल्या उजेडात कोरीव काम सपाट होतं. दारातून उजेड तिरपा आत येतो त्या वेळी जायचं. पाकळीची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात राहते, आणि दगड किती खोल कोरलाय ते तेव्हाच दिसतं.

शहापूर-वडगावच्या मागाच्या घरांत हाच तिरपा उजेड खिडकीतून मिळतो, वर ट्यूबलाइट असते. दोन्ही एकत्र आले की कापडाचा एक भाग निळसर, दुसरा हिरवट पडतो. विणकराला विचारून पाच मिनिटं ट्यूब बंद करायची, एवढंच.

आता कपाट. फोटोग्राफीतलं निम्मं काम तुमच्या लेखी तिथंच होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी ओली की बंद कपाटात लेन्सच्या आत बुरशी धरते. तुम्ही चामड्याची जुनी कव्हरं सगळी बाहेर काढलीत, कारण चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठच्या वर बुरशीला निमंत्रण, तिशीच्या खाली आतलं वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत भाजायचं, मूळ रंग आला की उतरवायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात गार करायचं आणि मगच परत ठेवायचं. गरम जेल लेन्सशेजारी ठेवू नये. डांबराच्या गोळ्या तर कधीच नाहीत, त्यांची वाफ काचेवर बसते.

तपासायची रीतही तुमचीच: लेन्स सुटी करून ॲपर्चर पूर्ण उघडायचं आणि मागून टॉर्च मारून तिरपं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती लेन्स त्याच दिवशी वेगळ्या डब्यात. लवकर साफ केली तर वाचते. उशीर झाला की बुरशी काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचा राहतो.

तुमच्या वहीनं आणखी एक सवय लावली. कॅमेरा परत आणणाऱ्यानं त्यात चार रकाने भरायचे: जागा आणि वेळ, उजेड, आकडे, आणि चौथा, काय चुकलं. चौथा रकाना रिकामा ठेवलेला तुम्हाला खपत नसे. त्यामुळंच गोकाकच्या धबधब्याला पुलावरून १/२ सेकंद ठेवला की पाणी मऊ येतं पण झुलता पूल पावलांनी हलतो, म्हणून कठड्यावर कॅमेरा टेकवू नये, हे पुढच्याला जाण्याआधीच कळतं. राजहंसगडावर सूर्योदयाला जाताना लेन्स गाडीच्या एसीतून एकदम बाहेर काढली तर धूसर होते, बॅगेत अर्धा तास राहू द्यावी, हेही तिथलंच. एवढ्या जणांच्या चुका तुम्ही इतक्या प्रेमानं जपून ठेवल्यात, त्याबद्दल मनापासून आभार.

पेंटॅक्स काल परत आला, झाकण लावून वरच्या फळीवर ठेवलाय. जेल भाजून झालं, काटा ४४ वर आहे. वही संपली होती. नवी आणून तसेच चार रकाने आखले आहेत, चौथा थोडा रुंद केलाय.

आपले नम्र,
कपाटातून कॅमेरे नेणारे सगळे