उतारशाळेतली जागा

मुंबई, १४ डिसेंबर २०२५
आगमनाचा तिसरा रविवार

चि. सुवार्ता,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी फोनवर तू चिडून म्हणालीस, "आई, दरवर्षी नाताळाआधीच्या चार रविवारी आपण चार मेणबत्त्या लावतो, पहिलीला आशेची म्हणतो. कुणाचं काय बदललं?" मी करंज्या तळत होते, म्हणून "ये घरी, मग बोलू" म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न आठवडाभर मनातून गेला नाही. आज चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लावली, घरी आले आणि थेट लिहायलाच बसले.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. १९९१ साली मी नि पप्पा विक्रोळीत भाड्याची खोली शोधत होतो. तू पोटात होतीस, सहावा महिना. घरमालकीणबाईंनी पाणी दिलं, मोरी दाखवली, डिपॉझिट ठरलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात आमचं घर कुठल्या बाजूला, ते. पप्पांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी एजंट म्हणाला, जागा गेली. पुढचे दोन महिने ड्यूटीवर जाताना त्या दाराला कुलूप मी रोज बघायचे.

त्या नाताळात पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा दुसरा अध्याय वाचला, "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती." लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण त्या दिवशी मला ते कुलूप दिसलं आणि उभ्या उभ्या रडू आलं. मरीया आणि योसेफ बेथलेहेमला गेले ते तरी कशासाठी? सरकारनं नावनिशी लिहून घ्यायची ठरवली म्हणून. याद्या गरिबाला कुठून कुठे नेतात, हे आपल्या घराला चांगलं ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानं आपल्यासारख्या दलित ख्रिस्ती लोकांना यादीबाहेर ठेवलं. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आले, ते योग्यच झालं. आपण अजून बाहेर आहोत. आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तरी गावानं त्यांना वरच्या आळीत घर दिलं नाही, ते होते तिथेच राहिले.

आता तुझा प्रश्न. येशू पोटात असताना मरीयेनं गायलेलं स्तोत्र एकदा नीट वाच, त्यातली क्रियापदं बघ. "त्याने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले आहे." काढील असं नाही, काढले आहे. भुकेल्यांना तृप्त केले आहे. ती गाते तेव्हा हेरोद गादीवर आहे, रोमात औगुस्त कैसर आहे, आणि ही खेड्यातली पोर आधीच झाल्यासारखं बोलते. मी आशा म्हणते ती याला, बाळा. देवाच्या दृष्टीनं जे ठरून गेलंय, ते खरं धरून आज वागायचं. वाट बघत नुसतं बसायचं, असं मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मी मानलं नसतं.

रमाबाईंचं बघ ना. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी याच मुंबईत शारदा सदन उघडलं. केस भादरून घराच्या कोपऱ्यात बसवलेल्या पोरींना तिथे अंथरूण, जेवण नि पाटी मिळाली. त्यातल्या गोदूबाई पुढे १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. विधवेनं पुन्हा संसार मांडणं हे तेव्हा केवढं होतं! रमाबाईंनी आधी जागा दिली.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा आपल्या सोसायटीची मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक एक मुसलमान जोडपं भाड्यानं मागतंय, सोबत त्याची म्हातारी आई. कमिटीतले एकजण म्हणाले, "आपल्याकडे सगळी फॅमिली माणसं राहतात, जरा विचार करा." विचार कशाचा, ते सगळ्यांना कळलं. आणि सुवार्ता, पहिली पाच मिनिटं मी गप्प बसले. हातात चहाचा कप, नजर खाली. ज्या बाईनं ते कुलूप बघितलं, ती गप्प.

मग उठले. १९९१ ची गोष्ट सांगितली. या इमारतीत एवढी वर्षं काढली, पण कुणाला सांगितली नव्हती. आवाज कापत होता. पप्पांनी उपविधीची प्रत आणली होती. भाडोत्री ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं, हे त्यांनी वाचून दाखवलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मान डोलावली. बाकीचे गप्पच. ठरलं काहीच नाही, २१ ला संध्याकाळी पुन्हा बसणार आहेत.

तुझं तिकीट २२ चं आहे ना? एक दिवस आधी सुट्टी मिळाली तर बघ. तू बोलायला हवंस असं नाही, नुसती शेजारच्या खुर्चीत बस. आणि चांदणीसाठी पतंगी कागद आण, यंदा पप्पांनी कामट्या बांधून ठेवल्यात, कागद राहिलाय. करंज्या दोन डबे जास्त केल्या आहेत. एक तिसऱ्या मजल्यासाठी.

तुझी,
आई