सावेदादांनी टिपलेली चौपाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तो दिवस, ३ मे, आला की दादासाहेब फाळक्यांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण ‘राजा हरिश्चंद्र’च्या चौदा वर्षं आधी याच मुंबईत हलती चित्रं टिपणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, किती जणांना ठाऊक आहेत?

सावेदादा मूळचे छायाचित्रकार. १८९६ साली वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यानंतर दादांनी २१ गिनी मोजून विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुवायची सोय इथे नव्हती, ती लंडनला पाठवावी लागली! पुढे माकडांचा खेळही त्यांनी टिपला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती डिसेंबर १९०१ ची फिल्म. केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय, कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे बोटीने परतले. चौपाटीवरचं त्यांचं स्वागत दादांनी टिपलं. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला, पण तो सरकारी थाट. गणितात पहिल्या आलेल्या आपल्या मुलासाठी माणसं समुद्रावर जमली, हा आनंद लोकांचा स्वतःचा होता. त्या गर्दीत पगड्या किती, टोप्या किती, बायका आल्या होत्या का, हे आपल्याला डोळ्यांनी पाहता आलं असतं. ती फिल्म आज उरलेली नाही. दादांची एकही उरलेली नाही.

आमच्या भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा काचेच्या निगेटिव्हची खोकी भंगारात गेली. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ते अजून सलतं.

म्हणून विनंती, आपल्या रविवार पुरवणीत वाचकांकडच्या जुन्या मिरवणुका, जत्रा, सत्कार यांच्या फोटोंसाठी थोडी जागा द्यावी. ठिकाण, साल आणि माणसांच्या नावांसकट. कुणाकडे जुनी रिळं असतील तर त्यांनी ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दाखवावीत.

आमच्या वाडीच्या गणपती विसर्जनाचा आजोबांच्या वेळचा एक फोटो माझ्याकडे आहे. मागे नावं नव्हती. गेल्या महिन्यात आत्याला दाखवला, तिने सात जण ओळखले. नावांसह प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई