गिऱ्हाईक आणि प्रियकर

रविवारच्या पुरवणीतील ‘ओंगळपणाचा सोस’ हे चित्रपट परीक्षण वाचले. देहविक्रय करणारा तरुण आणि त्याचा प्रियकर यांच्या कथेत पैशांची घासाघीस, कळकट खोल्या, मारहाण हे सारे कशाला, नुसते प्रेम दाखवावे, असा त्याचा सूर आहे. तो पटला नाही.

अशा कथेत प्रेम ओळखायचे कशावरून? गिऱ्हाइकाकडे तो आधी पैसे मोजून घेतो, खोटे नाव सांगतो, बूट दाराशी, पटकन पायात सरकवता येतील असे ठेवतो. एका माणसाकडे मात्र खरे नाव सांगतो आणि निर्धास्त झोपी जातो. पहिला भाग कापला, तर दुसऱ्यात एक झोपलेला माणूस उरतो, इतकेच!

‘मिडनाइट काउबॉय’ (१९६९) ही रूढ अर्थाने समलिंगी प्रेमकथा नव्हे, पण त्याचा नायकही शरीर विकायलाच न्यूयॉर्कला येतो. अमेरिकेत त्याला ‘एक्स’ हे केवळ प्रौढांसाठीचे मानांकन मिळाले, तरीही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्यालाच गेले. १९७१मध्ये काहीही न कापता ते मानांकन ‘आर’वर, म्हणजे मोठ्यांसोबत मुलांनाही पाहता येईल अशा सौम्य श्रेणीवर, आणले गेले. चित्रपट तोच होता, पाहणाऱ्यांची नजर तेवढी सरावली.

मारहाणीचे प्रसंग लांबले आहेत, हा परीक्षकांचा आक्षेप मात्र मान्य. तिथे कात्री चालली असती. पैसे मोजण्याच्या प्रसंगाला मात्र हात लावू नये.

– एक नियमित वाचक