हप्ता श्रावण बघून ठरव

रत्नागिरी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोरीच्या कॉलेजसाठी चिपळुणात 30 लाखांचा फ्लॅट बघितलायस, आणि 'बँक 90 टक्के देते, मग अडतंय कुठे' असं विचारतोस. मेल्या, अडतंय तुझ्या वहीत. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात तुझ्या खोल्या भरलेल्या असतात तेव्हा तू राजा असतोस. जून लागला की गुहागरात पर्यटक दिसत नाही, बँकेला हप्ता मात्र बाराही महिने हवा असतो. म्हणून तो मे नाही, श्रावण बघून ठरव.

पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून हिशेबच मांडतो. 25 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलंस, तर 20 वर्षांसाठी हप्ता 21,700 च्या आसपास बसतो आणि 15 वर्षांसाठी 24,600 च्या. महिन्याला तीनेक हजार जास्त भरले की एकूण व्याजात पावणेआठ लाख वाचतात. तरीही तू 20 वर्षांचीच मुदत घे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही. तेव्हा पावसात हलका हप्ता भर, आणि आंब्याचे नि मे महिन्याचे पैसे हातात आले की मुद्दलावर दणका दे. नोकरदाराला हे जमत नाही, तुला जमेल.

पण त्याआधी एक पावसाळा काढून दाखव. जूनपासून दर महिन्याला 21,700 रुपये वेगळ्या खात्यात टाक आणि विसर. गणपतीपर्यंत त्या खात्याला हात लागला नाही तर फ्लॅट घे. लागला तर आणखी वर्षभर थांब किंवा स्वस्तातला बघ.

गणपती म्हटलं म्हणून सांगतो, हा खर्च कुणाच्याच वहीत नसतो. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीचं, सगळं लिहितात: तांदूळ, मसाला, सुकी मासळी, कौलं चाळण्याची मजुरी. पण भाद्रपदात मुंबईहून सगळं खटलं उतरतं, तेव्हा पाच-सात दिवसांचा किराणा, भजनी मंडळाचा चहा, आरास, परतणाऱ्यांच्या पिशव्यांत कोकमं नि नारळ. देवाच्या नावाने झालेला खर्च मोजायचा नाही असा आपल्याकडे दंडक आहे. आरतीत काटकसर मीही सुचवणार नाही, पण आकडा लिही. सण दरवर्षी येतो, त्याला आकस्मिक कसं म्हणायचं?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पाहुणे तुला रोख देतात, तू ती डब्यात ठेवतोस, वर भिशी. तुझी खरी कमाई बँकेला दिसतच नाही. धंदेवाल्याचं उत्पन्न बँक आयकर विवरणपत्रांवरून मोजते, तीही दोन-तीन वर्षांची मागते. तेव्हा आजपासून पाहुण्याला पावती दे, पैसे खात्यावर घे, विवरणपत्र वेळेत भर. कर थोडा जाईल, जाऊ दे. 'आमचं उत्पन्न चांगलं आहे हो' या वाक्यावर आजवर कुणाला कर्ज मिळालेलं मी पाहिलं नाही.

आणि 90 टक्के म्हणजे फक्त फ्लॅटच्या किमतीचे. मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. चिपळूण नगर परिषद हद्दीत ते 6 टक्के, म्हणजे 1,80,000, आणि नोंदणी फी 30,000. घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलंस तर एक टक्का सुटतो, तू सहकर्जदार राहा. 25 लाख कर्ज म्हणजे घरचे सात लाख दहा हजार तरी हवेत. वकील, सोसायटी आणि पंखे-दिवे वेगळे.

चिपळूण म्हटल्यावर 22 जुलै 2021 विसरून कसं चालेल? बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते दलाल सांगणार नाही, समोरच्या दुकानदाराला विचार. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, नकाशावर कुठून जातात तेही बघ. विजेचे मीटर तळमजल्यावर असतील तर वरच्या मजल्यावर राहूनही अंधारातच बसशील. इमारतीचा विमा काढच. कर्जासोबत गळ्यात मारतात ती आयुर्विम्याची पॉलिसी निराळी, ती सक्तीची नसते.

मेहुण्याने सुचवलेली किनाऱ्यालगतची पाच गुंठे जमीन सोड. सामाईक सातबारा, निम्मे हिस्सेदार मुंबईला, वर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध. तिथे गृहकर्ज मिळणं कठीणच.

वकिलाचा मालकीच्या कागदपत्रांचा 30 वर्षांचा शोध अहवाल हाती येईपर्यंत विसार देऊ नकोस, आणि 20 हजार किंवा त्यावर रोखीने तर मुळीच नको. दलाल घाई करील, करू दे. विवरणपत्रं आणि वर्षभराचं पासबुक घेऊन रविवारी वहिनींना घेऊन ये, खर्चाचे खरे आकडे त्यांनाच ठाऊक असतात.

तुझा,
दिन्या

ता. क. भिशीचा नंबर लागला तर सध्या सोन्याच्या दुकानाकडे फिरकू नका. ते आधी त्या सात लाखांत जाऊ देत.