रविवारचं वात्रटिका-वाचन

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात वात्रटिका-वाचन आहे. वाचणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे नाव द्यावं.

– रचना स्वतःचीच हवी. फिरत फिरत आलेल्या बेनामी चारोळ्या नकोत.

– चार ते आठ ओळी, आणि शेवटच्या ओळीत फिरकी. 'फोन म्हणतो चार्ज कर, बँक म्हणते चार्ज भर' एवढी कोटीही पुरे. समजावून सांगावी लागली तर बाद!

– विडंबन चालेल, पण मूळ कवितेचं वृत्त सांभाळा. 'केशवकुमार' या नावाने अत्र्यांनी केलेली विडंबनं त्यामुळेच खुलतात. नुसतं यमक जुळवलं की झालं, असं नाही.

– मालिका, क्रिकेट, पुढारी, सगळं चालेल. कुणाचं रूप, जात, आजारपण नाही. बायकोवरचे विनोदही यंदा पुरेत. गेल्या खेपेचे अजून पचलेले नाहीत.

रचना कागदावर आणा. मोबाइलमध्ये शोधत बसलात, तर पुढच्याला बोलावलं जाईल.