पहाटेच्या बर्फाबद्दल उस्तादांना गोव्याहून पत्र

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी पडली की गोव्यातली बरीच माणसं हिमाचलकडे निघतात. आभाळ निळं, ऊन लख्ख म्हणजे दिवस चांगला, हा आमचा किनाऱ्यावरचा हिशोब. एप्रिल-मेच्या बर्फावर तो लागू होत नाही, त्याच उन्हाने बर्फ सुटून उतारावरून कोसळतो (हिमस्खलन), हे डोंगरातले आमचे शिक्षक म्हणून तुम्ही आम्हाला धीराने, पुन्हापुन्हा समजावलंत. त्याचे हे आभार; तिकडे जाणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून सर्वांसमोर लिहितोय.

दिवस बघू नका, आदली रात्र बघा, हे तुमचं पहिलं सांगणं. रात्र निरभ्र असली की बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग कडक गोठतो. ढग असले की ती उष्णता अडते. मग सूर्य उगवण्याआधीच उतार कच्चा असतो. म्हणून तंबूबाहेर आल्यावर आधी बुटाची टाच आपटायची. टणक लागली तर निघा. पाय घोट्यापर्यंत रुतला तर तीव्र उताराचं नाव नको.

यामागचं कारण आम्हाला मिरामारच्या वाळूवरून पटलं. दमट वाळू किल्ला धरते, पाणी जास्त झालं की तोच किल्ला ढासळतो. वितळलेलं पाणी थरात झिरपलं की आगरवाड्याच्या जाड्या मिठासारखे झालेले बर्फाचे दाणे एकमेकांना सोडतात. ते पाणी एखाद्या कडक पापुद्र्यावर किंवा गुळगुळीत खडकावर साचलं तर वरचा अख्खा थर निसटतो. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत वाईट. पूर्वेकडचे आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले की तिथून निघायचं, फोटोसाठीही थांबायचं नाही. आणि उताराच्या पायथ्याशी सपाट जागेत उभं राहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी 7 पर्यटक हिमस्खलनात गेले. गिर्यारोहणाला नव्हे, फिरायला आलेली माणसं ती.

कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर शोधायला बीकन (रेडिओ संकेत देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. एकाने नेली म्हणून दुसऱ्याचं भागत नाही. बीकन बाहेरच्या जाकिटाच्या आत, मोबाइल त्यापासून निदान 20 सेंमी दूर आणि शोध घेताना 50 सेंमी. प्रोब उताराला काटकोनात, 25-25 सेंमीवर, गोल वाढवत खुपसायचा. गाडलेल्या माणसाला लागला की प्रोब तिथेच ठेवायचा. खणायचं मात्र माणसाच्या डोक्यावरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने, थोडं मागे सरकून. नाहीतर आपल्याच वजनाने त्याच्या तोंडासमोरची हवेची पोकळी दबते. ओला बर्फ थांबताच सिमेंटसारखा बसतो, त्यामुळे प्लास्टिकचं फावडं वाकतं, धातूचंच घ्यावं. खरी आशा पहिल्या 10-15 मिनिटांचीच असते. इतक्या वेळात खालून मदत पोचत नाही, सोबतचेच हात कामी येतात.

निघण्याआधी डीजीआरईचं (डीआरडीओची हिमस्खलनाचा अंदाज देणारी संस्था) हिमस्खलन पत्रक वाचायची सवयही तुमचीच.

भाजलेले काजूगर पोस्टाने पाठवलेत. पहाटे तीनच्या चहाबरोबर खा.

तुमचे,
पणजी, म्हापसा आणि फोंड्याचे शिष्य